लाल झालेला सूर्य

मागच्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी आठच्या सुमारास, अमरावतीतल्या आमच्या कॉलनीच्या नव्या सिमेंट रस्त्यावर मुलांनी काढलेला पिवळा सूर्य लाल झाला. रंग माझ्या साडूंनी घरी तयार केला होता.

दुकानात तयार मिळणारी वस्तू घरी चार दिवस राबून बिघडवून दाखवणारा त्यांच्यासारखा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झाली. निवृत्तीनंतर ते अमरावतीला आमच्या शेजारी राहायला आले आणि तपासायला माती उरली नाही म्हणून घराकडे वळले. त्यांनी दंतमंजन केलं. माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, ते पितळ घासायला वापरते. त्यांनी रिठ्याचा साबण केला, तो कपड्यांचा मळ सोडून रंग काढत असे. डास पळवणारा धूर केला तेव्हा डास राहिले आणि भाडेकरू गेले. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर नमुना क्रमांक, तारीख आणि सही. मेहुणीने एकदा लोणच्याच्या बरणीवरचा क्रमांक खोडला, तर त्यांनी खाडाखोडीवरही सही केली. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे. आपलं म्हणणं ते शांतपणे ऐकत आणि रजिस्टरमध्ये लिहून घेत.

रस्त्यावर काढायच्या रंगाचं खूळ त्यांच्या डोक्यात रस्त्यासोबतच आलं. कॉलनीच्या मोकळ्या जागेवर सभागृह उभं राहिल्यापासून मुलांना खेळायला फक्त रस्ता होता, आणि तो आता गुळगुळीत झाला होता. कृती सोपी आहे आणि कोणालाही जमते: वाटीभर कॉर्नफ्लोअर, वाटीभर पाणी, आणि रंग. साडूंना ती जमायला तीन आठवडे लागले. लालसाठी बीट उकडलं, हिरव्यासाठी पालक वाटला, केशरीसाठी वाळवलेली पळसाची फुलं भिजवली, निळ्यासाठी कपड्यांची नीळ घेतली आणि पिवळ्यासाठी हळद. रंग ठेवायला त्यांनी घरातलं इडलीपात्र उचललं. एका खळग्यात एक रंग, सांडत नाही, हा त्यांचा एकमेव बरा शोध. त्यानंतर पंधरा दिवस मेहुणीच्या इडल्या गुलाबी निघत होत्या. पाहुण्यांनी विचारलं तर ती म्हणे, "यायले विचारा. मले काही माहीत नाही."

कॉलनीचे सचिव बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. या रस्त्यासाठी त्यांनी कित्येक वर्षं अर्ज लिहिले होते आणि त्यावरून कोणी ट्रॅक्टर नेला तरी ते धावत खाली येत. साडू परवानगी मागायला गेले तेव्हा मीही सोबत होतो. सचिवांनी अट घातली: रंग त्याच दिवशी धुतला गेला पाहिजे. "डाग राहिला, तर पुढच्या रविवारपासून पोट्टे या रस्त्यावर दिसले नाही पाहिजे. क्रिकेट बी नाही," ते म्हणाले. साडूंनी गच्चीवरच्या शहाबादी फरशीवर सगळ्या रंगांची चाचणी घेतली. एका बादलीत फरशी स्वच्छ. रजिस्टरमध्ये नोंद झाली, सही झाली.

रविवारी साताला अकरा मुलं जमली. साडूंनी त्यांना रांगेत उभं केलं, प्रत्येकाच्या हातात चुना लावायची जुनी कुंची दिली आणि रंग ढवळायचा कसा, यावर वीस मिनिटं भाषण केलं. मुलं शेवटी न विचारताच कामाला लागली. मधोमध सूर्य निघाला, बैलगाडीच्या चाकाएवढा. तिसरीतल्या एका मुलीने तो एकटीने भरला. पाचेक मिनिटांत तिनेच हाक मारली.

"आबाजी, सूर्य लाल होऊन राहिला."

साडू वाकले. बोट लावून पाहिलं.

नव्या सिमेंटमध्ये चुना, म्हणजे क्षारच, असतो, आणि चुन्यात हळद लाल होते. कुंकू करणाऱ्यांना हे माहीत आहे, देवघरात हात माखणाऱ्या कोणत्याही बाईला माहीत आहे. हा माणूस अकोटापासून दर्यापूरपर्यंतच्या खारपाणपट्ट्यात गावोगाव फिरून शेतकऱ्यांना त्यांच्या जमिनीतला क्षार समजावून सांगत होता. फरशीवर चाचणी घेऊन सिमेंटवर रंग लावायचं त्यालाच सुचलं.

पुढचं त्याहून वाईट. पाणी टाकताच बीट, पालक, पळस, नीळ सगळं वाहून गेलं, सूर्य राहिला. साडूंनी साबणाची पावडर मागवली. साबणातही क्षार असतो, त्यामुळे सूर्य आणखी भडकला. सचिव गॅलरीत येऊन उभे राहिले. मग साडूंनी मुलांना घरोघरी लिंबं आणायला पिटाळलं. लिंबू पिळलं तसा सूर्य पुन्हा पिवळा झाला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. डाग मात्र होता तिथेच होता. संध्याकाळी फाटकावर नोटीस लागली: पुढच्या रविवारी सभा, विषय रस्त्याचा वापर. मुलांनी स्टम्प घरात ठेवले.

त्या संध्याकाळी साडू माझ्याकडे आले. चहा घेतला नाही. "पत्रकार, हे पेपरात देऊ नका," म्हणाले. अशी बातमी कोणी छापत नाही, असं मी सांगितलं. मग ते म्हणाले, "जिंदगीभर दुसऱ्याच्या मातीत क्षार दाखवला. स्वतःच्या दारापुढे पाहिलं नाही. पोट्ट्यायचा रस्ता गेला म्हणजे?" मी त्यांना धीर दिला नाही. चूक त्यांचीच होती.

सोमवारपासून ते रोज दुपारी बारा ते तीन रस्त्यावर खुर्ची टाकून बसू लागले. अमरावतीच्या एप्रिलात त्या वेळी कुत्रीही सावली सोडत नाहीत. डोक्यावर ओला रुमाल, हातात छत्री, मांडीवर रजिस्टर. छत्रीची सावली सूर्यावर पडू नये म्हणून ते दर थोड्या वेळाने खुर्ची सरकवत. मी कारण विचारलं. "हळद उन्हाले टिकत नाही," ते म्हणाले. मग तुम्ही कशाला उन्हात बसता, डाग एकटाही जाईल, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी रजिस्टर उघडलं. बहुधा नोंद झाली असेल. मंगळवारी मेहुणी येऊन ताकाचा तांब्या आपटून गेली. बुधवारी तिसरीतली ती मुलगी आईची ओढणी डोक्याला गुंडाळून शेजारी येऊन बसली. तिच्या आईने तिला दोनदा ओढत घरी नेलं. ती दोनदा परत आली. गुरुवारी सूर्य फिका पडला. शनिवारी रस्ता पांढरा होता.

रविवारी सभेतली सगळी माणसं रस्त्यावर आली. सचिवांचा विश्वास बसला नाही. त्यांनी साबणाचं पाणी मागवून जागेवर ओतलं. काही उमटलं नाही. रस्ता मुलांसाठी खुला राहिला. हळद वापरायची नाही, एवढी अट पडली. साडूंनी ती रजिस्टरमध्ये लिहून घेतली आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत दर रविवारी पिवळ्या रंगाशिवाय चित्रं काढून घेतली.

दिवाळीनंतर साडू आणि मेहुणी मुलाकडे नाशिकला राहायला गेले. तिथे घर अकराव्या मजल्यावर आहे. जाताना इडलीपात्र त्यांनी त्या मुलीला दिलं. मेहुणीने हरकत घेतली नाही.

या रविवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी त्या मुलीने माझ्या दाराची बेल वाजवली आणि हळद मागितली. अट तिला माहीत होती, मलाही माहीत होती. मी डबा दिला. वर्षभरात सिमेंट जुनं झालं आहे, वरचा क्षार ओसरला आहे. सूर्य पिवळाच राहिला. आठ वाजता तिने त्यावर साबणाचं पाणी शिंपडलं आणि तो लाल झाला. सचिव गॅलरीत उभे होते. ते आत गेले. "काका, आबाजीले फोटो पाठवा," ती म्हणाली. मी आठ वाजून सहा मिनिटांनी पाठवला.

आठ वाजून नऊ मिनिटांनी उत्तर आलं: "साबण कोणता?"