निर्जन सड्यावरचे चार तास

आमच्या महाविद्यालयाने पाचव्या सत्रात 'निर्जन निसर्गानुभव' हा विषय आणला. त्यासाठी निवडलेला सडा रत्नागिरीपासून रिक्षाने पाऊण तासावर होता. कातळाच्या त्या उघड्या माळावर गवत वाढते आणि खालच्या वाड्यांतल्या बायका दिवाळीनंतर ते कापून नेतात. एका कडेला मोबाईलचा टॉवर होता, दुसऱ्या कडेला आंब्याच्या कलमांभोवती चिऱ्यांचा गडगा, छातीएवढ्या उंचीची भिंत. एसटीचा हॉर्न स्पष्ट ऐकू येई. पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकांनी बसमधून उतरताच दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "इथे माणूसच नाही!" बसचा चालक त्यांच्याकडे बघत राहिला.

आमच्यापैकी निम्म्यांची घरे अशाच सड्यांखाली होती. गुरांमागे फिरून वाढलेल्या मुलांना कातळावर कसे चालायचे हे शिकवण्यात पहिला दिवस गेला. आम्ही माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी 'एकांत'. फक्कीने आखलेल्या वर्तुळात चार तास बसायचे, बोलायचे नाही, बाहेर पाय टाकायचा नाही. उठेल तो नापास. मला नापास होऊन चालणार नव्हते. मुंबईतल्या एका दैनिकाने नोकरीचा शब्द दिला होता, पण पदवी वेळेवर मिळाली तरच.

तिसऱ्या तासाला एक म्हातारी गवताचा भारा बांधून माझ्यापासून दहा पावलांवर उभी राहिली. डोक्यावर चुंबळ ठेवून तिने हाक मारली, "बाला, भारा लाव जरा."

एवढा भारा एकट्याने डोक्यावर घेता येत नाही. जवळ जो असेल त्याने उचलून द्यायचा. आमच्या गावात बांधावरून भांडलेली भावकीसुद्धा भाऱ्याला हात लावते आणि मग पुन्हा अबोला धरते.

मी समोर बघत राहिलो.

"मुका हायस काय रं?" मग तिला पांढरी रेघ दिसली. "अगो बाय! कुनी करनी केलान की काय तुज्यावर?"

प्रशिक्षक लांब छत्रीखाली बसून आमच्यावर नजर ठेवून होते. मी हललो नाही.

तिने भारा गडग्यापर्यंत ओढत नेला, गुडघ्याने रेटून वर चढवला आणि वाकून त्याखाली डोके घातले. दोनदा तो खाली आला, एकदा तर दोरीच सुटली. तिसऱ्या खेपेला जमले. माझ्यासमोरून जाताना ती भाऱ्याखालून म्हणाली, "शिकलेला दिसतोय."

संध्याकाळी गोल करून बसल्यावर बहुतेकांनी आतला आवाज ऐकू आल्याचे सांगितले. माझ्या पाळीला प्रशिक्षकच बोलले, "याच्या एकांतात व्यत्यय आला, पण हा ढळला नाही." टाळ्या झाल्या.

अहवालाच्या वहीत 'भेटलेली माणसे' असा रकाना होता. मी त्यात 'कोणी नाही' असे लिहिले. पूर्ण गुण मिळाले. पदवी वेळेवर हाती आली आणि माणसांच्या बातम्या लिहिण्याच्या नोकरीवर मी रुजू झालो.