हेमाच्या आवाजातलं पत्रक

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, मंडळातल्या मित्रांना नाही. हेमाला सांगायची गरज नव्हती, तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण तिच्यासमोरही मी हे कधी तोंडाने बोललेलं नाही. आता तुम्हाला सांगते आहे — आणि सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही.

पत्रकांपासून करते. माझे वडील बडोद्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते, युनियनमध्ये पुढे असायचे. आमच्या घरी कपाटाच्या फळ्यांवर वर्तमानपत्र नाही, उरलेली पत्रकं अंथरलेली असत. लोणच्याची बरणी उचलली की खाली ‘कामगार बंधूंनो’ दिसायचं. मी वाचायला शिकले ती त्या फळ्यांवर. त्यामुळे वाक्य उद्गारचिन्हानेच संपतं असं मला बरीच वर्षं वाटत होतं. आणि जो लिहितो तो खरा, असंही.

कॉलेजात असताना आम्ही पाच-सहा जणांनी नागरवाड्यातल्या एका मित्राच्या माडीवर मंडळ सुरू केलं. तेव्हा दर दोन गल्ल्यांआड एखाद्या बंगल्यावर इंग्लिश मीडियमची पाटी लागत होती, आणि म्युनिसिपालटीच्या मराठी शाळांचे वर्ग एकेक करून मिटत होते. ‘चांगले शिक्षक सरकारी शाळेत का जात नाहीत?’ हे आमचं पहिलं पत्रक. ते मी लिहिलं. लोकांना आवडलं. मग मला वाटलं, नुसतं विचारून काय होतंय — एक चांगला शिक्षक आपणच नेऊन उभा करू.

तो शिक्षक म्हणजे हेमा. पीटीसीला, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या कोर्सला, आम्ही एका बाकावर होतो. तिचे वडील रिफायनरीत, घर बाजव्याला. ती तेव्हा एका खाजगी इंग्लिश मीडियम शाळेत बालवर्गाला शिकवत होती आणि मजेत होती. हेमाला शिकवताना पाहणं म्हणजे काय, ते कसं सांगू? ती वर्गात आली की आवाज चढवायची नाही, उतरवायची. इतका उतरवायची की मुलं ऐकण्यासाठी पुढे सरकत. मी हे खूप वेळा करून पाहिलं आहे. मला जमत नाही.

त्याच सुमारास सरकारी शाळांत फिक्स पगाराची, म्हणजे काही वर्षं ठरलेल्या तुटपुंज्या पगारावरची, भरती निघाली. आमच्या मंडळाने तिला वेठबिगार म्हटलं, तसं पत्रक काढलं, तेही मीच लिहिलं. आणि त्याच आठवड्यात हेमाला म्हटलं, तू अर्ज कर. आपल्यातली चांगली माणसं आत गेली नाहीत तर बदलणार कसं? — आणखी एक गोष्ट आहे, लहानशी. अर्ज मीही केला. गुपचूप. मंडळात कुणाला बोलले नाही. हेमाचे गुण जास्त होते, तिला पहिल्या फेरीत नेमणूक मिळाली. माझं नाव खाली राहिलं, वाट पाहत. हे लक्षात ठेवा.

जायच्या आधी तिने विचारलं होतं, “तिथे माझं कोण आहे गं?”

“आम्ही आहोत ना,” मी म्हटलं.

शाळा दोन पाळ्यांची. एकाच इमारतीत सकाळी मराठी, दुपारी गुजराती. मराठी शाळेत मोठ्या बेन, म्हणजे मुख्याध्यापिका, शारदाबेन आणि आणखी दोघी-तिघी. मधल्या सुट्टीत सगळ्या सतरंजीवर गोल बसत आणि डब्यांची झाकणं मधे ठेवून त्यावर आपापली भाजी वाढत. कुणाचं काय ते विचारायचं नाही, हात जाईल ते खायचं. पहिल्याच दिवशी शारदाबेननी हेमाला मधे बसवलं. “या, इंग्लिशवाल्या बेन! हे थेपलं खा, इंग्रजी आपोआप खाली उतरेल.” हेमाने तिथल्या तिथे उत्तर दिलं, “बेन, माझं इंग्रजी एका थेपल्याचंच आहे.” हे सगळं ती मला नक्कल करून सांगायची.

तिच्या पहिलीच्या वर्गात खानदेशातून आलेल्या कुटुंबांची मुलं होती, अहिराणी बोलणारी. एक मुलगी काहीतरी बोलली आणि बाकीची हसली. हेमाने काय केलं, तर तिचा शब्द फळ्यावर लिहिला. मुलगी, छोकरी, आंडेर — तिन्ही एका ओळीत. म्हणाली, बघा, आपल्याकडे एका पोरीसाठी तीन शब्द आहेत, श्रीमंत आहोत आपण. त्या दिवसापासून रोज एक मूल घरून शब्द आणायचं, आणि फळ्याचा तो कोपरा कधी पुसला जायचा नाही. भरतीत हे कुणी तिला विचारलं होतं का? भरतीने तिचे गुण विचारले, दाखले विचारले. शिकवता येतं का, हे विचारायला त्यांच्याकडे जागाच नव्हती.

मंडळाने ठरवलं होतं की दर शनिवारी आपल्यातला कुणीतरी तिच्या वर्गात जाईल — गोष्टी सांगेल, पेटी वाजवेल, नुसता बसेल तरी. सुरुवातीला गेलो. मग एक मोर्चा आला, मग एक परिषद. हेमाने एकदाही टोकलं नाही. टोकलं असतं तर बरं झालं असतं का? नाही, हे तिच्यावर ढकलणं झालं.

आता त्या गोष्टीकडे येते.

एका दुपारी शाळेबाहेर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी तिने मला सांगितलं. तपासणीच्या दिवशी मराठी शाळेचा पट कमी दिसू नये म्हणून दुपारच्या गुजराती शाळेतली मुलं सकाळी बोलावून वर्गात बसवतात. वर्षानुवर्षांची रीत. बेन मंडळी त्यांना ‘पाहुणे’ म्हणतात. त्या सकाळीच तपासणी झाली होती. पाहुण्यांना मराठीत ‘हजर, बेन’ म्हणायला शिकवलेलं, पण एकाला साहेबांनी नाव विचारलं तर तो टेचात म्हणाला, “मारुं नाम जिग्नेश!” साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. हेमा हे सांगताना रस सांडेपर्यंत हसली. मग ग्लास गाड्यावर ठेवून म्हणाली,

“लिहू नकोस हं. पट तुटला तर वर्ग जाईल. एक वर्ष दे मला. मी बाजव्याकडच्या चाळींत फिरते आहे, खरी मुलं यायला लागली आहेत. पाहुण्यांची गरजच राहणार नाही. मग लिही तुला काय हवं ते.”

“नाही लिहिणार,” मी म्हटलं.

आठवडाही झाला नाही. एक वाक्य डोक्यात आलं — ‘मी सरकारी शाळेतली एक शिक्षिका आहे, आणि माझ्या वर्गातली काही मुलं पाहुणी आहेत.’ तुम्ही लिहीत असाल तर तुम्हाला कळेल, असं वाक्य आलं की माणसाचं काय होतं. मी तिच्या आवाजात लिहीत गेले. मीच शिक्षिका, मीच लाजते, मीच साहेबांसमोर मान खाली घालते. पहिल्यांदाच माझ्या लिखाणात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. खाली माझं नाव घातलं नाही, नुसतं मंडळाचं; मित्रांनाही सांगितलं, एका शिक्षिकेकडून आलं आहे. शाळेचं नावही नाही. स्वतःला सांगितलं, शहरातल्या सगळ्याच शाळांत हे चालतं, कुणाला कळणार?

पण मी त्यात फळ्याचा तो कोपरा घातला. मुलगी, छोकरी, आंडेर. तो काढला असता तर पत्रक तेच राहिलं असतं, मुद्दा तोच राहिला असता. पण त्या तीन शब्दांनी परिच्छेद उजळला होता. ती शाळा त्यावरून ओळखता येईल हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. ते सुंदर होतं म्हणून मी ठेवलं.

पत्रक गाजलं. एका पेपरने त्यावर चौकट छापली. मग शाळेत बैठक लागली — सुपरवायझर साहेब, सगळ्या बेन, काही पालक, आणि पत्रक मंडळाच्या नावाने वाटलेलं म्हणून मंडळाला बोलावणं. मंडळातर्फे मी गेले.

मोठ्या बेननी पत्रक वाचून दाखवलं. आंडेर या शब्दापाशी आल्या तेव्हा सगळ्यांच्या माना हेमाकडे वळल्या. साहेबांनी मला विचारलं, हे कुणी लिहिलं? हेमा माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. ती वाट बघत होती, जसं शिक्षक एखाद्या मुलाच्या उत्तराची बघतो, ते येणारच आहे अशा खात्रीने.

मी म्हणाले, “आमच्याकडे ते लिहून आलं. आम्ही फक्त छापलं.”

“कुठून आलं?”

“शाळेतूनच.”

हो. एवढं बोलून मी खाली बसले. हेमा एका बोटाने मला दाखवू शकली असती. का दाखवलं नाही, ते मला माहीत नाही, आणि विचारायचा हक्क मी तिथेच घालवला. मी असं का बोलले ते मात्र माहीत आहे. त्या साहेबांच्या हाताखालून माझीही नेमणूक जायची होती.

तिला कुणी काढलं नाही. तसं कुणाला काढत नाहीत. पाहुणे बंद झाले, पट कमी पडला, पहिली आणि दुसरी एकत्र झाली. आधी शारदाबेन फाजल ठरल्या, म्हणजे जास्तीच्या, आणि दूरच्या शाळेत गेल्या. मग हेमाही, एका शाळेतून दुसरीत. तिच्या आधी ‘पत्रकवाली’ ही तिची ख्याती प्रत्येक शाळेत पोचत होती. तिने वर्ष पूर्ण केलं आणि नोकरी सोडली.

आणि पुढच्या फेरीत माझा नंबर लागला. शाळा मिळाली ती शारदाबेन होत्या तीच. मधल्या सुट्टीत त्यांनी मला आपल्याशेजारी बसवलं, झाकणावर बटाट्याची भाजी वाढली आणि बाकीच्यांना सांगायला लागल्या, “आमच्या जुन्या शाळेत एक होती, हेमाबेन. पत्रक लिहून आमच्या पोटावर पाय दिला. आम्ही पण मग तिच्यासाठी झाकण मांडलं नाही. वर्गात एकटी बसून खायची, फळ्याकडे तोंड करून.” मग माझ्याकडे वळून, “तू तेव्हा मंडळात होतीस ना? तुम्हाला तिनेच आणून दिलं ना ते?”

माझ्या तोंडात घास होता. मी मान हलवली. होकारार्थी. घास गिळला, आणि भाजी छान झाली आहे असंही म्हटलं.

हेमा आता बडोद्याजवळ पादरा गावी असते, सासरच्या बियाण्यांच्या दुकानात. एकदा शाळेच्या बागेसाठी बियाणं आणायला मी मुद्दाम तिथे गेले. बोलायचं असं ठरवून गेले होते. तिने भेंडीची पाकिटं काढून दिली, आईची तब्येत विचारली. दुकानात गिऱ्हाईक होतं. गिऱ्हाईक गेल्यावरही मी बोलले नाही. निघताना तिने विचारलं, “पहिलीचा वर्ग आहे का तुझ्याकडे?” मी हो म्हटलं. “मग सांभाळ,” ती म्हणाली, आणि पाकिटं परत फळीवर लावायला लागली.

आता बाहेर माझं काय नाव आहे, ते सांगायला हवं. नव्या शिक्षकांना सांभाळून घेणाऱ्या ताई. प्रशिक्षणांत मला बोलायला बोलावतात. मी सांगते की चांगला शिक्षक नुसता निवडून भागत नाही, त्याच्या बाजूला बसावं लागतं, त्याला एकटं पडू देऊ नये. टाळ्या पडतात. जे सांगते ते खरंच असतं. त्या सतरंजीवर कुणी नवी मुलगी दाराशी घुटमळताना दिसली की मी सरकून जागा करते, तिच्यासाठी झाकण मांडते. या जूनमध्ये आलेली एक परवा म्हणाली, “ताई, तुम्ही होतात म्हणून टिकले.” मी तिला म्हटलं, जेव.

त्या बैठकीत साहेबांनी प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर असं. ते पत्रक शाळेतून आलं नव्हतं. हेमाने लिहिलं नव्हतं. तिने लिहू नकोस म्हणून सांगितलं होतं. ते मी लिहिलं.