अकरा पहिल्या झेंड्या

घड्याळं आमच्याकडे घरोघरी आहेत, पण अख्ख्या बीड जिल्ह्यात वेळ मोजणारा माणूस एकच, आणि तो आमच्या घरचा जावई आहे. माझ्या नणंदेचे यजमान. तीस वर्षं शाळेत खेळाचे शिक्षक होते. निरोपाच्या दिवशी शाळेनं त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं मोठं घड्याळ दिलं. त्यांनी घड्याळ नम्रपणे परत केलं आणि त्याच्या बदल्यात शाळेचं जुनं स्टॉपवॉच मागून घेतलं. तेव्हापासून ते त्यांच्या गळ्यात असतं. आंघोळीपुरतं खुंटीला लागतं, तेही खुंटीला लावायच्या आधी चालू करून. मी एकदा म्हटलं, "भावजी, मोठं घड्याळ सोडून हे कशाला घेतलंत?" तर म्हणाले, "भिंतीवरचं किती वाजले तेवढंच सांगतंय, वहिनी. किती लागले ते न्हाई सांगत."

त्यांच्या वहीत काय नाही ते विचारा. म्हशीला एक बादली पाणी प्यायला किती सेकंद लागतात, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात. दूध उतू जायला किती, आणि कुणी समोर उभं राहून बघत असेल तर किती. पाटोद्याच्या बाजारात मेथीची जुडी पुकारल्या भावावरून अर्ध्यावर यायला किती. आमच्या नणंदबाईंनी तर त्यांच्याशी भांडणंच सोडून दिलं आहे. त्या ऐन रंगात आल्या की समोरून "टिक" असा आवाज यायचा. "मागच्या खेपेपरीस लवकर आटपलं," असं ते खुशीत सांगायचे आणि दुसरं भांडण सुरू व्हायचं.

माझं त्यांच्याशी जमतं, कारण माझा स्वभाव यादीचा. आमचं रस्त्यालगत मंगल कार्यालय आहे, आणि एका लग्नाला माझ्या चौदा याद्या असतात. भावजी आमंत्रण असो नसो, लग्नाला येतात आणि खांबाला टेकून मोजत बसतात. एकदा सगळं आटोपल्यावर म्हणाले, "वहिनी, पहिली पंगत बसून उठायला चौतीस मिनटं. मठ्ठा आधी फिरवला तर एकतीस." पुढच्या लग्नात मी मठ्ठा आधी फिरवला. एकतीस. त्या दिवसापासून मी त्यांना वेडं म्हणत नाही. दुसरं कुणी म्हणालं तर ऐकून घेते.

त्यांच्या आयुष्यात न मोजलेली एकच गोष्ट राहिली होती, ती म्हणजे त्यांची मोटारसायकल. जुनी, किकवर चालू होणारी, निळा धूर सोडणारी. पगार सुरू झाल्यावर सेकंडहँड घेतली आणि नंतर तिला बायकोपेक्षा जास्त वेळा पुसली, हे माझं नाही, नणंदबाईंचं म्हणणं. ती उभ्या जागेवरून चारशे मीटर किती सेकंदांत तोडते, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. पण आमच्या रस्त्यांवर चारशे मीटर सलग सापडतात कुठे? गतिरोधक तरी येतो, नाहीतर उसाची ट्रॉली. नांदूरघाट गावाकडच्या एका सरळ पट्ट्यावर त्यांनी एकदा प्रयत्न केला, तर मधे मेंढरं आली. "मेंढरांचा टाइम घेतलाय," ते म्हणाले, "बावन्न सेकंद. गाडीचा ऱ्हायला."

मागच्या थंडीत त्यांचा गुडघा पार गेला. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि बजावलं, पुढे किक मारायची नाही, कधीच. भावजी तिथून थेट माझ्याकडे आले. मला वाटलं, जेवणाचे डबे पोचवायचं सांगायला आले असतील.

"वहिनी, दीड महिना हाय आपल्या हातात. शर्यत घ्यायची. दोन दोन गाड्या, सरळ चारशे मीटर, उभ्या जागेवरनं."

"अहो, गाडी पळवायची तर एकट्यानं पळवा की."

"एकट्याचा टाइम खरा न्हाई. शेजारी कुणीतरी घुरघुरल्याबिगर गाडी मनापासून पळत न्हाई. तुमच्या पंगतीतच बघा ना, एकटा माणूस किती जेवतो?"

घरच्या जावयाला नाही म्हणायची आमच्याकडे सोय नाही. मी कोरा कागद घेतला. रस्ता, परवानगी, ॲम्ब्युलन्स, विमा, हेल्मेट आणि ब्रेक तपासायला मेकॅनिक, कडेला लावायला कडब्याच्या पेंढ्या, मांडव, भोंगा, पाण्याचे जार, जेवण, बक्षिसं. प्रवेश फी धरूनही बराच खड्डा राहत होता. तो वर्गणीनं भरायचा, आणि ते काम भावजींनी घेतलं.

रस्ता पटकन मिळाला. गावाबाहेर एका माजी सरपंचांचं प्लॉटिंग आहे. कमान झाली, नंबराचे दगड रोवले, मधोमध सरळसोट डांबरी रस्ता झाला, फक्त प्लॉट विकले गेले नाहीत. रस्ता कमानीतून ऐटीत निघतो आणि पुढे एका बाभळीपाशी संपतो. माजी सरपंच म्हणाले, "घ्या की, सर. मांडवाचं पण माझ्याकडं लागलं. फकस्त शर्यत सोडायची पहिली झेंडी माझी."

आठवड्याभरात भावजींनी पूर्ण रक्कम आणली. सरकारी कामातसुद्धा असं होत नाही, म्हणून मला जरा शंका आली. मी देणगीदारांची यादी मागितली आणि समोर एक रकाना आखला: काय कबूल केले.

"ह्या बियाणेवाल्यांना काय कबूल केलंय, भावजी?"

"पहिली झेंडी."

"आणि डेअरीवाल्यांना?"

"त्यांना पण झेंडीच."

"कितवी?"

ते छताकडे बघू लागले. "पहिलीच म्हणले ते. दुसरीला कोण पैसे देतंय? तुमी दिले असते का?"

मी बोट फिरवत खाली गेले. प्रत्येक नावापुढे तेच. "अकरा जणांना पहिली झेंडी?"

"बारावा पण तयार होता. मीच म्हणलं, बास. लोभ नको."

बाहेरच्या माणसाला हा सरळ सरळ घोटाळा वाटेल. पण आमच्या भागात वर्गणी मागायला फिरलेल्या माणसाला कळेल. इथे हात आखडता कुणी घेत नाही, फक्त पैशाबरोबर मान लागतो, आणि मान पहिलाच लागतो. कुस्तीच्या फडात नारळ फोडायचा असो की जत्रेत ओवाळायचं असो, दुसऱ्या नंबरासाठी कुणी खिशात हात घालत नाही. पैसे परत करावेत तर शर्यत बुडत होती, आणि ऑपरेशनची तारीख पुढे जात नव्हती. मी रात्रभर विचार वगैरे केला नाही. चहा गार व्हायच्या आत उत्तर लिहून दिलं: शर्यतीचे गट अकरा करायचे. प्रत्येक गटाची एक पहिली जोड, प्रत्येक पहिल्या जोडीला एक पहिली झेंडी.

गट इंजिनावरून पाडतात हे मलाही कळत होतं, पण इंजिनं चार प्रकारचीच निघाली. मग दूधवाल्यांचा गट झाला, रिकाम्या कॅनसकट. बायकांचा स्कूटीचा झाला. लग्न ठरलेल्यांचा झाला आणि लग्न झालेल्यांचा झाला. भावजींना ह्या दोघांच्या वेळांमधला फरक बघायची फार उत्सुकता होती. पन्नाशी उलटलेल्यांचा, शिक्षकांचा, असं करत अकरावा गट आला: जुन्या किकच्या गाड्या. त्याला माजी सरपंचांची झेंडी ठेवली. त्या गटात दोनच नावं होती, भावजी आणि नांदूरघाटचे एक औषध दुकानदार.

शर्यत रविवारी झाली. परवानगी सकाळी आठ ते दुपारी एक. पोलिसांनी लेखी दिलं होतं आणि एक जमादार ती चिठ्ठी खिशात घालून कमानीपाशीच बसले होते. माणसं इतकी आली की प्लॉटिंगला पहिल्यांदाच वस्ती आली. जोडी लावायची पद्धत भावजींनी कुस्तीची ठेवली. गाडीवाल्यानं हात वर करून एक फेरी मारायची, तोलामोलाचा असेल त्यानं पुढे यायचं. आणि सत्काराला नव्वद सेकंद. शाल वीस, नारळ दहा, फोटो पंधरा, फेटा घरून बांधून आणायचा, भाषण उरलेल्यात. बियाणेवाले "आपल्या सर्वांचे लाडके" इथपर्यंत आले आणि भावजींनी शिट्टी फुंकली. ते कुणाचे लाडके होते ते आजवर कळलेलं नाही.

वेळ भावजी स्वतः घ्यायचे. सुरुवातीच्या रेषेवर ते, पलीकडच्या रेषेवर लाल झेंडी घेऊन शाळेचे निवृत्त शिपाई. पुढचं चाक रेषेवर आलं की झेंडी खाली, की इकडे टिक. दूधवाले शिक्षकांपेक्षा वेगवान निघाले. लग्न ठरलेले लग्न झालेल्यांपेक्षा हळू निघाले. "जपून चालवतेत अजून," असं भावजींनी वहीत लिहिलं. दहा गट साडेबारापर्यंत झाले. पेंढीलासुद्धा कुणी धडकलं नाही.

अकराव्या गटाची झेंडी मात्र आली नव्हती. माजी सरपंच उगवले पाऊणला. आणि आले ते माइकपाशी. प्लॉटचे फायदे सांगू लागले. पाणी चोवीस तास, शाळा जवळ, मंदिर जवळ. भावजींचा हात शिट्टीकडे गेला आणि खाली आला. रस्ता त्यांचा होता. जमादारांनी मनगट वर करून मला घड्याळ दाखवलं. एकला चार मिनिटं कमी असताना मी मांडवाच्या धंद्यात शिकलेला एकमेव उपाय केला: भोंगेवाल्याला खूण केली आणि माइक बंद पडला.

भावजींनी गळ्यातलं काढून माझ्या हातात ठेवलं. "अंगठा हलक्यानं, वहिनी. झेंडीवरची नजर काढायची न्हाई." तिसऱ्या किकला गाडी चालू झाली, त्या तीन किकांना त्यांच्या चेहऱ्याचं काय झालं ते मी नणंदबाईंना सांगितलेलं नाही. माजी सरपंचांनी झेंडी पाडली. मी बटण दाबलं आणि समोर नजर लावली. औषधवाल्यांची गाडी अर्ध्या वाटेत फुसकन बंद पडली. भावजी जात राहिले. मी लाल झेंडीची वाट बघत होते. ती पडेना. कारण तिथे झेंडीच नव्हती. शिपायाची खुर्ची रिकामी होती. पाऊणला सर्व कार्यकर्त्यांनी जेवून घ्यावे, अशी ओळ मी स्वतःच्या हातानं यादीत लिहिली होती, आणि शिपाई आयुष्यभर लेखी सूचनेवर चाललेला माणूस होता.

चाक रेषेवर आलं असं मला वाटलं, तेव्हा मी बटण दाबलं.

ते गाडी बंद करून, ढकलत परत आले. "किती?"

मी आकडा दाखवला आणि जे झालं ते सांगितलं. त्यांनी आकडा बराच वेळ पाहिला. मी म्हटलं, "अर्धा सेकंद इकडेतिकडे असेल फार तर."

"अंदाजाचा टाइम धरायचा न्हाई, वहिनी." त्यांनी बटण दाबून शून्य केलं.

"पहिल्या झेंड्या अकरा चालतात, आणि हे नाही चालत?"

"तो मान होता. मान वाटून देता येतो. ह्यो टाइम हाय."

जमादार उठून उभे राहिले होते. आणखी एकदा पळू द्या म्हणून मी त्यांना विनवलं, माजी सरपंचांनीही शब्द टाकला. भावजींनीच हात आडवा केला. "एक वाजला, साहेब. बरोबर हाय तुमचं."

मांडव उतरेपर्यंत ते खुर्चीवर गुडघा चोळत बसले. मी याद्यांवर खुणा करत होते, म्हणजे करत असल्यासारखं दाखवत होते. मधेच त्यांनी विचारलं, "दिसत कसं होतं, वहिनी?"

मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं, झेंडी पडायची वाट बघताना माझी नजर एकदाही हलली नव्हती. सगळं दिसलं होतं. मी सांगितलं, शर्टात हवा भरून पाठ केवढी मोठी झाली होती. औषधवाले बंद पडले तेव्हा तुम्ही मागे वळून पाहिलंत.

"न्हाई पाह्यलं."

"पाहिलंत. आणि मग वाकलात, पार टाकीला हनुवटी टेकवलीत. धुराचा निळा पट्टा रस्त्यावर तसाच राहिला, तुम्ही बाभळीपाशी पोचलात तरी इकडे होता."

"किती वेळ होता?"

"मोजला नाही."

ते हसले. रागावतील असं मला वाटलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. आता ते काठी घेऊन चालतात आणि गाडी ओसरीत जुन्या चादरीखाली उभी आहे. लग्नाला ते अजूनही येतात. शेवटची पंगत उठली, खुर्च्या रचून झाल्या की एक खुर्ची ओढून माझ्या टेबलापाशी बसतात आणि म्हणतात, "सांगा." आणि मी सांगते. हातात काम असलं तरी सांगते. सुरुवातीला ते दोन वाक्यांत संपायचं. आता कडेच्या पेंढ्या येतात, नंबराचे दगड येतात, ओरडणारे दूधवाले येतात. परवा तर भांडी घासणाऱ्या बायाही पदराला हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. ते डोळे मिटून ऐकत होते. बाभूळ दिसू लागली तसा त्यांनी हात वर केला.

"थांबा जरा, वहिनी. एवढ्यात नका पोचवू."