शनिवारची माणसं

तिचा नवरा जिवंत होता आणि मी त्याच्यासाठी हार घेऊन गेलो.

साधासुधा नव्हे. तंजावूरच्या फुलबाजारातून मुद्दाम निवडलेला, गुलाब-शेवंतीचा, हातात धरला तर माझ्या गुडघ्याला लागणारा. आमच्याकडे माणूस गेला की असाच नेतात. मागे कचेरीतले पाच जण, चेहरे पाडून. त्यांचा दोष नाही. त्यांना मीच सांगितलं होतं.

आता तुम्हीच बघा. सोमवारी ती ओरत्तनाडूच्या आमच्या सरकारी कचेरीत आली ती पांढरी साडी नेसून. कपाळाला कुंकू नाही, केसांत फूल नाही, कान मोकळे. ताली, म्हणजे इकडचं मंगळसूत्र, तीही गळ्यात नाही. तिचा नवरा अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेला, हे शिपायापासून साहेबापर्यंत सर्वांना ठाऊक. ती टेबलाशी बसली आणि रोजच्यासारखी आवक-जावक लिहू लागली. मी काही विचारलं नाही. दुःखातल्या माणसाला प्रश्न विचारू नयेत, एवढं शहाणपण माझ्याजवळ आहे. दुपारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली तेव्हा तर खात्रीच पटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार तिच्या सासूने उघडलं. म्हातारी आदल्या दुपारी तिरुवैयारुहून आलेली होती, रजा त्यासाठी होती. मी हात जोडले, आवाज खाली आणला आणि विचारलं, "कधीं झालं?"

आतून पुरुषाचा आवाज आला. "कोण आलंय, अम्मा?"

माझ्या मागचे पाचही जण चपला शोधू लागले. म्हातारी हाराकडे बघत राहिली, आणि तिच्या खांद्यावरून मला खाटेवरचा तो दिसला, उशीला टेकलेला, दाढी वाढलेला, पूर्ण शुद्धीत.

"माझाच आहे ना तो, राव?" तो म्हणाला. "मग आंत आणा. वास तरी घेतों. मग कुठला मिळायला."

तो हसला. ती स्वयंपाकघराच्या दारात कॉफीचे पेले मोजत उभी होती, तीही हसली. म्हातारी तेवढी हसली नाही.

आमची बस सकाळची. तंजावूर ते ओरत्तनाडू पाऊण तास. बारा वर्षं ती डाव्या बाजूची तिसरी खिडकी धरायची आणि मी तिच्या मागची. घर आमच्यातलंच, तंजावूरच्या मराठी राजांच्या काळी इकडे येऊन राहिलेलं, म्हणून मला अण्णा म्हणायची. बसल्याबरोबर चपला काढायच्या, पाय डब्याच्या पिशवीवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. "हा पाऊण तास माझा, अण्णा," म्हणायची. कंडक्टरलाही सवय झाली होती; तो तिचं तिकीट माझ्या हाती द्यायचा. एवढी दमलेली बाई तुम्ही पाहिली असेल, प्रत्येक बसमध्ये एक असते. फक्त आपण तिच्याकडे दुसऱ्यांदा बघत नाही.

लग्नानंतर सहाच महिन्यांत नवरा दुचाकीवरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. सासरी पत्रिका पुन्हा काढली आणि दोष तिच्या ताऱ्यांत सापडला. मग अकरा वर्षं प्रदक्षिणा, उपास, नागाला दूध, कोणी सांगेल ते. नवऱ्याचं अंग पुसून, त्याला कुशीवर वळवून, भात करून ती बस पकडायची, आणि संध्याकाळी परत गेली की पुन्हा तेच. कोणी भेटलं की आधी तिच्या गळ्याकडे बघायचं, नवरा आहे ना अजून, आणि मग तिच्याकडे.

दोन वर्षांपूर्वी शेजारची मासळी विकणारी बाई तिला आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनेला घेऊन गेली. पत्र्याचं छप्पर, चटया, एक जुना ढोल. तिथल्या बायका दागिने घालत नाहीत आणि पांढरं नेसतात. हे तंजावुरात शेंबड्या पोरालाही माहीत. मला माहीत नव्हतं असं नाही. सुचलं नाही, बस्स.

हाराच्या भेटीनंतर दोन दिवस ती बसमध्ये डोळे मिटेना. सासूने सांगितलं होतं: सोमवारी ताली काढलीस, मंगळवारी हार दारात, आणखी काय पाहिजे? शनिवारपर्यंत ताली घाल, नाहीतर गाडी आणून माझा मुलगा मी घेऊन जाते.

म्हणजे माझा हार पुरावा म्हणून दाखल झाला होता.

मी म्हटलं, घाल की मग. एक दोराच तो. आणि त्या लोकांनी तरी काय, दागिने काढायला लावले, पांढरं नेसवलं, ही कसली मोकळीक?

"लावलें नाही कुणीं. दोन वर्षं घालूनच जात होतें; सोमवारीं काढली ती माझी मीच," ती म्हणाली. "पहिल्या दिवशीं तिथं कुणीं पत्रिका विचारली नाही, अण्णा. जेवलीस का, विचारलें. मी रडलें. दर शनिवारीं चार माणसं घरीं येतात, ह्यांचं सगळं करतात. मला म्हणतात, सिस्टर, तू झोप. तो एक तास मी झोपतें. अकरा वर्षांत असं कुणीं म्हटलें नव्हतें. तुम्ही त्यास काय म्हणतां?"

दमलेल्यांना बोलावणारा देव आपल्याला पहिल्यांदाच भेटला, असंही ती म्हणाली, पण खिडकीबाहेर बघत, माझ्यासाठी नव्हे.

मग म्हणाली, "ताली घातली तर हे राहतील. पण मग मी परत तीच, नवऱ्यास खाल्लेली."

शनिवारी मी मध्यस्थी करायला गेलो. घोळ माझा, तेव्हा निस्तरणंही माझं, अशा विचाराने. वाटेत भाषणही तयार केलं होतं. त्यात आमच्या पूर्वजांपासून सुरुवात होती. दारात व्हॅन उभी होती. ड्रायव्हर म्हणत होता, माझं काम चालवण्याचं, उचलण्याचं नाही. उचलायला धाकटा मुलगा येणार होता. दुकान सोडता येत नाही असा त्याचा फोन आला होता. म्हातारी पिशव्या बांधून उंबऱ्यावर बसलेली. सून भिंतीला टेकून उभी, गळा मोकळाच.

तेवढ्यात शनिवारची माणसं आली. एक निवृत्त लाइनमन, ती मासळीवाली आणि एक शिवणकाम करणारी बाई. चौथा तापाने पडला होता. त्यांना व्हॅनचं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी पाणी तापत ठेवलं.

चौथा कोपरा मला मिळाला. त्यांची पद्धत अशी: चादर चारी कोपऱ्यांनी धरायची, तीनदा "स्तोत्रम्", म्हणजे देवाची स्तुती, म्हणायचं आणि तिसऱ्याला उचलायचं. मी दुसऱ्याला उचललं.

"राव," तो चादरीत कलंडून म्हणाला, "मला उचलण्याची घाई सगळ्यांत तुम्हासच कां?"

लाइनमनने माझा कोपरा शांतपणे स्वतःकडे घेतला. त्यांनी त्याला पुसलं, पाठ उजेडात धरून तपासली, पावडर लावली, दाढी केली, पायाची नखं काढली. म्हातारी उंबऱ्यावरून उठून आत आली होती. मुलाची उघडी पाठ तिने किती वर्षांनी पाहिली असेल कोण जाणे. एवढी वर्षं अंथरुणात, पण पाठीवर एकही जखम नव्हती. आतल्या खोलीत सून चटईवर गाढ झोपली होती. नवरा हातून जातोय की राहतोय हे ठरायचं असताना झोपली होती. शनिवार होता.

म्हातारीने लाइनमनला विचारलं, तिरुवैयारुला नेलं तर तिकडे हे कोण करील?

लाइनमन वस्तरा धूत होता. त्याने बराच वेळ विचार केला. तो विचार बसच्या वेळापत्रकाचा होता, हे मागाहून कळलं.

"सव्वासहाची पहिली बस आहे, अम्मा," तो म्हणाला. "आम्ही तिकडे येऊं."

म्हातारीने बाहेर जाऊन ड्रायव्हरला परत पाठवलं आणि पिशव्या सोडल्या. ती तिथेच राहिली. तालीचा विषय पुन्हा निघाला नाही, निदान माझ्यासमोर तरी. माझं भाषण तसंच राहिलं.

तो उठून बसला वगैरे काही नाही. तसं व्हायचं नव्हतंच. आणखी दोन पावसाळे काढले आणि एका मार्गळीच्या, म्हणजे धनुर्मासातल्या, पहाटे गेला. मी दोन ठिकाणी फोन करून खात्री केली, मगच निघालो. तो शेवटपर्यंत आपल्याच देवाचा राहिला. अग्नी भावाने दिला, सगळं आमच्या पद्धतीने झालं. खांद्याला एक जण कमी पडला तिथे लाइनमन न सांगता उभा राहिला. पांढऱ्या साड्यांतल्या बायका रस्त्याच्या कडेला हळू आवाजात गात होत्या, कोणाला अडचण होणार नाही एवढ्याच.

पुढे म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं. सुनेने मुदतीआधी नोकरी सोडली आणि तिला घेऊन तिरुवैयारुला गेली. तिसऱ्या खिडकीत आता एक मुलगी बसते, कानात वायर घालून. मी अजून मागच्याच बाकावर. मलाही हल्ली बसमध्ये बोलावंसं वाटत नाही.

परवा एका शनिवारी तिला भेटायला गेलो. ती घरी नव्हती. दोन गल्ल्यांपलीकडे एक संगीत शिकवणारे म्हातारे अंथरुणावर आहेत, त्यांना वळवायला गेली होती. चौघांत आता तिचाही कोपरा आहे. सासू ओसरीत खाटेवर होती आणि ऊन सरकत तिच्या पायांवर आलं होतं. मी चादरीला हात घातला. एकदा डोक्याकडून बघितलं, एकदा पायाकडून. मग खाटच ओढावी म्हणून वाकलो, तर कमरेत उसण भरली आणि मी तिथेच पायरीवर बसलो.

म्हातारीने सगळं पाहिलं.

"राहूं द्या, राव," ती म्हणाली. "तुमच्यानं नाही व्हायचं. बसा आणि बोला, तेवढंच येतं तुम्हास. उचलायला माझी सून येते आतां."