आठ तसबिरींची भिंत

धूळ काल पुसली म्हणून आज यायची थांबत नाही, आणि आमच्या क्लबातल्या गोष्टींचंही तेच आहे. घरी जाऊन नवऱ्याला एक सांगून होते न होते, तोवर इकडे दुसरी घडलेली असते. तो म्हणाला, लिहून ठेव. मी चौथीपर्यंतच शिकलेय, पण लिहिता येतं. तर लिहिते.

बर्मिंगहॅममध्ये ग्रीसच्या एका बेटावरून आलेल्या लोकांचा क्लब आहे. बेटाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर अर्धे म्हणतील उच्चार चुकला, म्हणून उरलेले अर्धे म्हणतील बरोबर आहे. मी तिथे तेरा वर्षं साफसफाई करते आणि कॉफी उकळते. मोठ्या हॉलच्या भिंतीवर आठ तसबिरी आहेत, बेटाच्या इतिहासातले आठ पुढारी. चार डोंगरवाल्यांचे, चार बंदरवाल्यांचे. बेट एवढंसं की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू जावं, पण पार्ट्या दोन. माणसं इंग्लंडला आली तेव्हा पार्ट्याही त्याच बोटीत बसून आल्या.

माझा इंटरव्ह्यू दोघांनी घेतला. चेअरमन स्टेलिओस, डोंगरवाला. सेक्रेटरी मानोलिस, बंदरवाला. दोघंही सत्तरीच्या पुढचे, लहानपणी एका शाळेत एका बाकावर बसलेले.

"आमच्या बेटाबद्दल तुला काय माहीत आहे?" स्टेलिओसने विचारलं.

"काही नाही."

"आणि ग्रीसच्या राजकारणाबद्दल?"

"आमच्या गावचंच पुरून उरलंय."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मानोलिस म्हणाला, "सोमवारपासून ये."

कारण मागाहून कळलं. माझ्या आधी कुणीतरी एक तसबीर बोटभर वर सरकवली होती. फक्त बोटभर. त्या भांडणात क्लब वर्षभर बंद राहिला. मग नियम झाला आणि फ्रेम करून दाराशी लागला: मेंबरने किंवा मेंबरच्या घरच्यांनी तसबिरींना हात लावायचा नाही. पुसणं, काढणं, लावणं, सगळं बाहेरच्या माणसाने. बाहेरचं माणूस म्हणजे मी. दर महिन्याला मी टेप घेऊन मोजते, आणि हे दोघं दोन बाजूंना उभे राहून माझा अंगठा कुठे आहे ते बघतात.

*

पहिली तसबीर मिशीवाल्या कप्तानाची. कमरेला पिस्तूल. डोंगरवाले म्हणतात, याने परक्या गव्हर्नरला हाकललं आणि बेट मोकळं केलं. बंदरवाले म्हणतात, गव्हर्नर सकाळच्या बोटीने आपणहून गेला, कप्तान दुपारी जेवून डोंगर उतरला.

मी स्टेलिओसला विचारलं, "बरं, उतरून केलं काय?"

"कचेरीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली."

"मग?"

"मग मरेपर्यंत तोच अध्यक्ष."

"लोकांनी निवडून दिला?"

स्टेलिओस माझ्याकडे बघतच राहिला. "किल्ली त्याच्याकडे होती म्हणतोय ना मी."

*

सगळ्यात मोठी तसबीर बंदरवाल्यांच्या मंत्र्याची. बेटावरून अथेन्सला जाऊन मंत्री झालेला हा एकटाच. मानोलिसचा चुलत आजोबा लागतो, निदान मानोलिस तरी तसं सांगतो. किती दिवस मंत्री होता, तर अकरा. त्यातले दोन बोटीत गेले आणि एक बोट लागली म्हणून झोपून गेला.

"उरलेल्या आठ दिवसांत काय केलं त्यांनी?" मी विचारलं.

मानोलिसने अभिमानाने तसबिरीकडे हात केला. "हा फोटो काढला."

*

तिसरे डॉक्टर. हे खासदार होते आणि बेटावर डॉक्टर एकच, तेही हेच. निवडणूक जवळ आली की पेशंटला पालथं झोपवायचे, हातात सुई घ्यायची आणि प्रेमाने विचारायचं, "यंदा मत कुणाला?"

मानोलिस सांगत होता, "माझे वडील तत्त्वाचे पक्के. म्हणाले, तुम्हाला देणार नाही."

"मग?"

"निवडणूक होईपर्यंत उभ्यानेच जेवले."

तरी डॉक्टरांची तसबीर पुसताना मी पाहिलंय, दोन्ही पार्ट्यांचे म्हातारे जाता जाता मान लववतात. त्या माणसाने दोन्हीकडची बाळंतपणं केली होती. स्टेलिओस आणि मानोलिस, दोघंही त्याच्याच हातात जन्मले. "आणि दोघांनाही उलटं धरून फटका मारला," देस्पिनाबाई म्हणतात, "पण पुरेसा जोरात नाही."

*

आता देस्पिनाबाई. वय चौऱ्याऐंशी, उंची माझ्या खांद्याइतकी, आणि हातात कायम एक मोठी पर्स. त्या पर्समध्ये टॉवेलात गुंडाळलेली एक तसबीर असते. काळा रुमाल डोक्याला बांधलेली एक बाई, शेजारी तांब्याचं भलंमोठं पातेलं. त्यांची आई. अकरा वर्षं देस्पिनाबाई वार्षिक सभेला ती तसबीर टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "हिला भिंतीवर घ्या."

गोष्ट अशी की कुठल्याशा सरकारने एकदा गावचे सगळे मोठे पुरुष पकडून दुसऱ्या बेटावर डांबले. तीन वर्षं. मागे बायका, पोरं, बकऱ्या आणि पाद्री. गाव चालवलं या बाईने. अक्षर येत नव्हतं, अंगठा उठवायची. विहिरीचं पाणी कुणाला किती, ते ती ठरवायची. कुणी पाळी मोडली की त्याच्या दारात जाऊन पातेलं बडवायची, तो माणूस लाजून बाहेर येईपर्यंत. एकदा पाद्र्याच्या दारात दुपारभर बडवलं, कारण पाळी मोडणारा तोच. पुरुष परत आले तेव्हा गावात एक बकरी कमी झालेली नव्हती. त्यांनी दुसऱ्या दिवशी सभा भरवली आणि तिला सांगितलं, कॉफी आण.

एरवी चहा की कॉफी यावर एकमत न होणारी आमची कमिटी या एका विषयावर एक होते. स्टेलिओस म्हणतो, "ती निवडून आलेली नव्हती." मानोलिस म्हणतो, "भिंतीवर जागा नाही."

गेल्या वर्षीच्या सभेत मी कपबश्या उचलत होते. तोंड गप्प बसेना. म्हटलं, "मिशीवाला तरी कुठे निवडून आला होता? त्याच्याकडे किल्ली होती, हिच्याकडे पातेलं."

स्टेलिओस म्हणाला, "सुमन, तू बाहेरची आहेस."

"म्हणूनच पगार देता," मी म्हटलं आणि ट्रे घेऊन आत गेले.

*

एकदा कौन्सिलवर निवडून आलेली एक गोरी बाई पाहुणी म्हणून आली होती. आठही तसबिरींपुढून सावकाश गेली आणि फार गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या बेटावर बायका नव्हत्या का?"

"होत्या तर," स्टेलिओस म्हणाला. "या सगळ्यांचे शर्ट इस्त्रीचे आहेत, पाहिलं नाही?"

मागे देस्पिनाबाई बसल्या होत्या. त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली. एरवी त्या टोला परत केल्याशिवाय सोडत नाहीत. त्या दिवशी काहीच बोलल्या नाहीत. मला ते अजिबात आवडलं नाही.

*

यंदा ईस्टरनंतर देस्पिनाबाई वॉटफर्डला मुलीकडे राहायला जायच्या होत्या, कायमच्या. जिना झेपत नाही. म्हणजे ही शेवटची वार्षिक सभा. त्यांनी टॉवेल सोडला, तसबीर ठेवली, तेच बोलल्या. स्टेलिओस तेच बोलला, मानोलिस तेच बोलला. त्या टॉवेल परत गुंडाळायला लागल्या तर गाठ बसेना.

मी किचनमधून आले. "बाई, काच मळलीय. द्या, पुसून देते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टॉवेलासकट तसबीर माझ्या हातात दिली. कधी परत देशील, असं विचारलं नाही.

त्याच आठवड्यात हॉलच्या भिंतीला ओल आली म्हणून रंग काढायचा होता. आठही पुढारी मी खाली उतरवले आणि किचनच्या टेबलावर ओळीने झोपवले. रंग वाळला. खिळे ठोकायला मीच, मोजायला मीच.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळे आले. रंग छान झालाय म्हणाले. मग मानोलिसने मोजायला सुरुवात केली. दोनदा मोजलं.

"नऊ आहेत," तो म्हणाला.

मधोमध, कप्तान आणि मंत्र्याच्या मध्ये, काळा रुमाल आणि पातेलं.

"कुणी लावलं हे?" स्टेलिओसने विचारलं.

"मी."

"काढ."

"नाही काढत."

तो तरातरा भिंतीकडे गेला, हात वर केला, आणि मानोलिस ओरडला, "हात खाली, नियम आहे!" स्टेलिओस थांबला. मग मानोलिसच पुढे झाला, तर स्टेलिओसने त्याची बाही धरली. "तू तर मुळीच नाही."

"तुला कामावरून काढू," दोघं एकदम मला म्हणाले.

"काढा. नवीन माणूस ठेवायला दोघांची सही लागते. तुमची शेवटची जोडसही कधी झालीय?"

माझ्या नेमणुकीच्या कागदावर. तेरा वर्षांपूर्वी. मानोलिस खुर्चीत बसला आणि तसबिरीकडे बघत राहिला.

"तशी ती आमचीच," तो म्हणाला. "लग्न होऊन बंदरात आली होती."

"जन्म डोंगरातला," स्टेलिओस म्हणाला. "माझ्या आजीच्या शेजारचं घर."

"पातेलं बंदरातलं होतं!"

"बडवायचा हात डोंगरातला!"

हॉल दोन्ही बाजूंनी उठला. तेवढ्यात देस्पिनाबाई काठी टेकत आत आल्या. एकेक जण गप्प होत गेला आणि वाट झाली. त्या भिंतीपाशी गेल्या, पर्समधून चष्मा काढला, पुसला, घातला. आईकडे पाहिलं. मग डावीकडे कप्तानाकडे, उजवीकडे मंत्र्याकडे, परत आईकडे. डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत.

"सुमन, टेप आण," त्या म्हणाल्या. "आई बोटभर खाली आहे."