त्यांच्याकडचा माणूस

गाव कुठलं असं विचारलं की ते चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाने पुसायचे, पुन्हा नाकावर चढवायचे आणि म्हणायचे, "आणि तुझं?" आपल्या लोकांना एवढं पुरतं. आपण सुरू होतो. त्यामुळे जर्सी सिटीतल्या आमच्या ऑफिसात त्यांना वर्ध्याचा उन्हाळा, सांगलीची हळद आणि माझ्या माहेरची विहीर कोणत्या महिन्यात आटते हे सगळं ठाऊक होतं. आम्हाला त्यांच्याबद्दल फक्त देशाचं नाव ठाऊक होतं. ते मी इथे लिहीत नाही. एकदा तोंड उघडलं होतं, तेवढं बास.

ते डेटाबेस सांभाळायचे. साठीला आलेले, एकटे, डब्यात रोज दोन उकडलेली अंडी. टीममध्ये आम्ही सहा जण पुण्या-नागपूरकडचे, त्यामुळे ते आपोआप 'काका' झाले. त्यांनी अर्थ विचारला. वडिलांचा भाऊ, असं मी सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून पुसला, मग म्हणाले, चालेल. मला वाटलं, म्हातारा हरखला. माणसं ओळखण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असा तेव्हा माझा समज होता.

आता माझा पराक्रम ऐका. आयसेलिनच्या एका हॉटेलात शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ बोलता बोलता काकांच्याच देशाचा निघाला. परदेशात आपल्याकडचा माणूस भेटला की आपल्याला काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. ऑफिसातल्या दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी त्याला घेऊनच गेले आणि काकांपुढे उभा केला. त्यांचं पूर्ण नावही सांगून टाकलं. काकांनी हात मिळवला, इंग्रजीत दोन वाक्यं बोलले, चिवड्याची बशी तशीच ठेवून निघून गेले. गृहस्थ मात्र थांबला. काका कुठे राहतात, इथे कधीपासून आहेत, हे तो विचारत गेला आणि मी कौतुकाने सांगत गेले.

तीन आठवड्यांनी काकांनी मला जिन्यात बोलावलं आणि पहिल्यांदाच स्वतःच्या गावाबद्दल बोलले. त्यांच्या देशातून हाकललेली एक बंदूकधारी संघटना सीमेपलीकडच्या डोंगरात तळ ठोकून आहे. काकांचा पुतण्या कॉलेज सोडून तिकडे गेला. तेव्हापासून सरकारच्या दप्तरी सगळं घरच संघटनेचं झालं. वहिनीची शाळेतली नोकरी गेली, पुतणीला कॉलेजात प्रवेश मिळेना, भावाला दर आठवड्याला चौकीत हजेरी. परदेशातला नातेवाईक म्हणजे तर संघटनेचा हस्तकच. म्हणून धाकटा भाऊ, म्हणजे काका, कुठे आहे हे आम्हाला माहीत नाही, असं घरच्यांनी चौकीत लिहून दिलं होतं, आणि काका घरी फोन करत नसत. आता भावाला खोटं बोलल्याबद्दल उचललं होतं, हे त्यांना गावच्या एका ओळखीच्याकडून कळलं होतं.

"माझ्यामुळे?" मी विचारलं.

"असेल. नसेलही. तो माणूस खरंच चिवडा खायला आला असेल."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. रस्त्यात कोणी 'तुम्ही कुठल्या?' असं विचारलं तर मी पुढे निघून जाते.

मग त्यांच्या वकिलातीतून त्यांना फोन आला. देशात परत येऊन जबाब द्या, भावाला सोडतो. आम्ही सगळे हादरलो. पुण्याचा आमचा टीम लीड म्हणाला, "काका, सरळ सरळ ट्रॅप आहे हा. तिकीट कॅन्सल करा." इथल्या वकिलानेही तेच सांगितलं. काकांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि बॅग भरली. घरी मात्र कळवलं नाही. कळवलं असतं तर घरच्यांनी येऊच दिलं नसतं. जाण्याआधी त्यांनी वहिनीला फक्त माझा नंबर पाठवला, लागला तर असू दे म्हणून.

नेवार्क विमानतळावर मीच सोडायला गेले. गाडीत मला रडू आवरेना. "तुमचा त्या संघटनेशी संबंध नाही हे त्यांना पटणार आहे का?"

"नाही पटणार," ते म्हणाले. "पण त्यांना एक माणूस आत हवाय. भावाला इन्सुलिन लागतं. मला काही लागत नाही."

त्यानंतर काहीही नाही. त्यांचा फोन बंद, वकिलात उत्तर देत नाही. सहा आठवड्यांनी ऑफिसने त्यांच्या जागेवर दुसरा माणूस घेतला. मी त्याला गाव विचारलेलं नाही.

काल दुपारी मीटिंग चालू असताना अनोळखी नंबरवरून मेसेज आला. तोडक्या इंग्रजीत, काकांच्या भावाचा. महिन्यापूर्वी मला सोडलं, तब्येत बरी आहे, का सोडलं ते कोणी सांगत नाही. माझ्या धाकट्या भावाला एवढा निरोप द्या, की आता काहीही झालं तरी इकडे येऊ नकोस.

मी अजून उत्तर पाठवलेलं नाही.