वांडाचा पोंचेक जेवेना

वांडा कुबियाकच्या घरातून न खाता बाहेर पडलेला माणूस आमच्या टोलेडोत शोधून सापडायचा नाही. वीजमीटर बघायला आलेल्यालाही ती कोबीचे पिरोगी, म्हणजे आमच्या उकडलेल्या करंज्या, वाढते आणि तो 'नको' म्हणाला की दोन जास्त वाढते. शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघींनी एकतीस वर्षं काढली. ती पातेल्यांपाशी, मी भट्टीपाशी. ताट अर्धवट टाकून उठणाऱ्या पोरामागे ही बाई चमचा घेऊन पार अंगणापर्यंत जायची. मी म्हणायचे, सोड गं त्याला, एका घासावाचून कोणी मरत नाही. पण ऐकेल तर ती वांडा कसली!

निवृत्त झाल्यावर वाढायला कोणी उरलं नाही. मुलं ॲरिझोनात, नवरा स्टॅन त्याआधीच वारलेला. तिने कुत्रं आणलं असतं तर मला समजलं असतं. बाई सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मेळ्यात गेली आणि अजगर घेऊन आली! बॉल पायथन म्हणतात ती जात. साडेतीन फूट लांब, स्वभावाने गरीब, घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा गोळा करून बसणारा. म्हणून नाव ठेवलं पोंचेक. लेंटचे चाळीस दिवसांचे उपास लागायच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे खातो ना, जॅम भरलेला तळलेला गोळा, तोच पोंचेक. दर शुक्रवारी संध्याकाळी वांडा फ्रीझरमधला उंदीर काढायची, गरम पाण्यात त्याचा बर्फ सुटला की चिमट्याने पुढे धरायची, आणि पोंचेक झडप घालायचा. दोन वर्षांत एक शुक्रवार चुकला नाही.

ऑक्टोबरात त्याने तोंड फिरवलं.

"टेरी, नाही खाल्लं गं आज," तिचा फोन.

"पोट भरलं असेल."

पुढच्या शुक्रवारी तेच. मग ती दर तीन दिवसांनी उंदीर पुढे करू लागली. मोठा उंदीर, छोटा उंदीर, पांढरा, करडा, एकदा तर कोंबडीचं पिल्लू. पोंचेक प्रत्येक वेळी गोळा. जानेवारी उजाडला तेव्हा वांडाचे डोळे खोल गेले होते.

"माझ्या हातचं त्याला नको झालंय," ती म्हणाली. "ओटिसला देऊन टाकते. त्याच्याकडे तरी जगेल."

आणि ती रडायला लागली. स्टॅनच्या दफनालाही जी सगळ्यांना वाढत हिंडत होती, ती वांडा! मला साप आवडत नाहीत, आजही नाही. पण पोंचेक गेला तर ही बाई सकाळी कोणासाठी उठेल, हे मला सुचेना. मीच ओटिसला फोन लावला.

ओटिस फेअर्ली रेल्वेतून निवृत्त झालेला. आमच्या इथल्या साप पाळणाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. त्याच्या तळघरात असे पन्नास आहेत म्हणे. मी मोजायला गेलेली नाही. आला तो कोट काढायच्या आधीच नाक वर करून उभा राहिला.

"सूप कसलं शिजतंय?"

"पोंचेकचं," वांडा म्हणाली. "मंडळाच्या पत्रकातच होतं की. उंदीर कोंबडीच्या पाण्यात बुडवून द्या."

ओटिसने झाकण उचललं. आत अख्खी कोंबडी, गाजरं, लसूण, मिरी, वर शेपूची जुडी. सकाळपासून मंद आचेवर.

"अगं बाई, नुसतं पाणी म्हटलं होतं! तू तर रविवारचं जेवण केलंस. हे मला वाढ, त्याला कशाला छळतेस?" तो हसता हसता काचेच्या पेटीपाशी गेला, वाकला आणि हसायचा थांबला. "हा लिंबाचा वास कसला?"

"साबणाचा. रोज धुते पेटी." वांडा ताठ झाली. "एकतीस वर्षांत तपासनीसाला माझ्या स्वयंपाकघरात एक डाग सापडला नाही."

"रोज? कधीपासून?"

"सप्टेंबर संपता संपता. टेरी म्हणाली, तुझ्या घराला सापाचा वास येतो."

खरंच म्हणाले होते मी. कॉफी पिता पिता, सहज! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"साप स्वतःच्या वासानं घर ओळखतो," ओटिस म्हणाला. "तू रोज त्याचं घर पुसून टाकतेस. रोज परकी जागा. त्यात झाकण उघडून कोणीतरी सारखं विचारतंय, जेवतोस का, जेवतोस का. मीसुद्धा जेवलो नसतो!"

त्याने पोंचेकला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. वजन थोडंसंच उतरलं होतं. या जातीचे नर थंडीत महिनोन्‌महिने न खाता राहतात, त्याने काही बिघडत नाही, असं ओटिसने शपथेवर सांगितलं. मग गाडीतून एक लहान, आरपार न दिसणारी पेटी आणली. एक बाजू ऊबदार, एक गार, दोन्हीकडे लपायला एकेक खोपटं, खाली वर्तमानपत्र.

"पाच आठवडे पाणी बदलायचं, घाण दिसली तर तेवढीच उचलायची. साबण नाही, हात लावणं नाही, उंदीर नाही."

"पाच आठवडे जेवण विचारायचंच नाही?"

"नाही. आणि मग दिलेलं खाल्लं नाही, तर मी त्याला घेऊन जातो." त्याने फ्रीझरमधले उंदीरही पिशवीत भरून नेले. त्याला वांडा पुरती ठाऊक होती.

त्या पाच आठवड्यांची शिक्षा आमच्या गल्लीने भोगली. वांडाच्या हातांना काम हवं होतं. सोमवारी पिरोगी, मंगळवारी बटाट्याची धिरडी, बुधवारी सॉसेज, रोज कोणाच्या ना कोणाच्या दारात डबा. माझ्या दोन पँटी बसेनाशा झाल्या. एकदा मी मागच्या दाराने गेले तर ही पेटीपाशी गुडघ्यांवर, झाकण बोटभर उचललेलं.

"वांडा!"

"बघतेय फक्त."

"ठेव ते खाली! कढई आहे का ती?"

पाचव्या शुक्रवारी दिवस मावळताना ओटिस उंदीर गरम करून घेऊन आला. वांडाने चिमटा त्याच्याच हातात कोंबला. "तू दे. माझा हात लाभत नाही त्याला."

"तूच देणार," ओटिस म्हणाला. "हलू नकोस आणि बोलू नकोस. दुसरं जास्त अवघड आहे, मला माहीत आहे."

वांडाने झाकण सरकवलं, चिमटा धरला. चिमट्याचा हात तिने दुसऱ्या हाताने आवळून धरला. खोपट्यातून आधी जीभ आली. मग नाक. मान हळूहळू मागे दुमडली. माझा श्वास अडकला. सापासाठी! माझा!

धप्प!

इतकं झटकन झालं की मला दिसलं ते एवढंच, चिमटा रिकामा आणि पोंचेकचे तीन वेढे उंदराभोवती. मी तोंडात गळ्यातला स्कार्फ कोंबून जागच्या जागी उड्या मारत होते. ओटिसने हलकेच झाकण लावलं आणि आम्हा दोघींना ढकलत स्वयंपाकघरात आणलं.

"आणखी एक देऊ का?" वांडाने विचारलं.

"नाही!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

ती खुर्चीवर बसली. हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. ओटिसने चिमटा घ्यायला हात पुढे केला, पण तिने चिमटा छातीशी धरून ठेवला.

"माझ्या हातून घेतलं त्याने, टेरी," ती म्हणाली. "माझ्याच हातून."